सोळा किलोडाल्टनची पट्टी: आरपीएस१९च्या अँटिबॉडीची शहानिशा

मुलगा अडीच वर्षांचा. जन्मानंतर तिसऱ्या महिन्यात तो पांढराफटक दिसायला लागला म्हणून आई डॉक्टरांकडे घेऊन गेली. तेव्हापासून दर महिन्या-सव्वा महिन्याला रक्त चढवणं चालू होतं. तांबड्या पेशी आकाराने मोठ्या, रेटिक्युलोसाइट, म्हणजे नव्या कोवळ्या तांबड्या पेशी, जवळजवळ नाहीत, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट मात्र व्यवस्थित. बोन मॅरो तपासला तर बाकी सगळं जागच्या जागी, फक्त तांबड्या पेशी घडवणारी ओळ गायब. डायमंड-ब्लॅकफॅन ॲनिमिया ओळखायला यापेक्षा स्पष्ट चित्र लागत नाही. स्टेरॉइड देऊन पाहिलं, पुरेसा उपयोग झाला नाही.

जनुक तपासणीत आरपीएस१९ या जनुकात एक बदल सापडला. एका अमिनो आम्लाच्या जागी दुसरं आलेलं. पण हा बदल ५२ ते ६२ क्रमांकाच्या अमिनो आम्लांच्या पट्ट्यात नव्हता. आरपीएस१९मधले नुकसान करणारे बदल त्या पट्ट्यात दाटीने सापडतात, त्यामुळे तिथे असता तर फारशी चर्चाच झाली नसती. हा पडला बाहेर, शिवाय तो वडिलांकडून आलेला आणि वडील ठणठणीत. अहवालावर शिक्का बसला, ‘महत्त्व अनिश्चित’. मुलाच्या सहा वर्षांच्या बहिणीतही तोच बदल निघाला. तिचं हिमोग्लोबिन उत्तम, आणि एचएलए (प्रत्यारोपणात जुळावी लागणारी पेशींवरची खूण) भावाशी तंतोतंत जुळणारं.

बोन मॅरो प्रत्यारोपणाचा विचार सुरू झाला की जुळणारं सख्खं भावंड हा पहिला पर्याय असतो. या आजारात मात्र एक जुनी भीती आहे. तोच दोष अंगात असूनही काही जण बाहेरून निरोगी दिसतात. अशा भावंडाचा मॅरो दिला, तर रोग असलेल्या मॅरोच्या जागी तोच रोग दडलेला मॅरो बसवल्यासारखं होतं. म्हणून उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा आमच्या प्रयोगशाळेला एकच प्रश्न होता: हा बदल दोषी आहे की नुसता सोबत आलेला? बदल निरुपद्रवी असेल तर बहीण दाता होऊ शकते. दोषी असेल तर मुळीच नाही.

आमची प्रयोगशाळा पुण्यातली, काम रायबोसोमच्या, म्हणजे पेशीत प्रथिनं बनवणाऱ्या यंत्राच्या, घडणीवर. आम्ही रोगनिदान करत नाही, तरी हा प्रश्न आमच्याच अंगणातला होता. कुटुंबाची ओळख पटेल असं काहीही मी इथे लिहिलेलं नाही. लिहायचं आहे ते त्या उत्तरापर्यंत जाताना एका अँटिबॉडीने (ठरावीक प्रथिनाला चिकटून ते दाखवणाऱ्या रेणूने) आम्हाला किती लांब नेलं याबद्दल.

आरपीएस१९ म्हणजे कोण

माणसाच्या रायबोसोमचे दोन भाग असतात. लहान ४०एस, त्यात ३३ प्रथिनं. मोठा ६०एस, त्यात ४७. हाडाचा सांगाडा आरएनएचा आणि प्रथिनं त्यात खोचलेली. आरपीएस१९ हे लहान भागातलं १४५ अमिनो आम्लांचं प्रथिन, वजन साधारण १६ किलोडाल्टन (रेणूचं वजन मोजायचं एकक). लुई डायमंड आणि केनेथ ब्लॅकफॅन यांनी १९३८ साली बॉस्टनमध्ये या आजाराचं वर्णन केलं. पण त्याचं मूळ रायबोसोममध्ये आहे हे कळायला १९९९ उजाडलं. एका रुग्णात एक्स आणि १९ या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल झालेली होती आणि तुटलेल्या जागी आरपीएस१९ सापडलं. रायबोसोमच्या प्रथिनामुळे माणसाला होणारा हा पहिला ज्ञात आजार. सुमारे चौथा हिस्सा रुग्णांत दोष याच जनुकात असतो. उरलेल्यांपैकी बऱ्याच जणांत तो रायबोसोमच्या दुसऱ्या एखाद्या प्रथिनात सापडतो, आरपीएस१७, आरपीएस२४, आरपीएस२६, आरपीएल५, आरपीएल११ वगैरे.

आमचा बेत सरळ होता. एका अमिनो आम्लाच्या बदलाने प्रथिनाची घडी नीट बसत नसेल तर पेशी ते मोडून टाकते. मग मुलाच्या रक्तातल्या लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) वाढवायच्या, त्यांचा अर्क जेलवर चालवून प्रथिनं वजनानुसार वेगळी करायची, ती मेम्ब्रेन नावाच्या पातळ पडद्यावर उतरवायची आणि आरपीएस१९ कमी आहे का ते अँटिबॉडीने पाहायचं. याला ब्लॉट म्हणतात; प्रथिन जितकं जास्त तितकी पट्टी जाड. यासाठी एक पॉलिक्लोनल अँटिबॉडी (खरं तर अनेक अँटिबॉडींचं मिश्रण) मागवली. सशात तयार केलेली, १०० मायक्रोलिटरची कुपी, किंमत चाळीस हजारांच्या आसपास. माहितीपत्रकावर ‘नॉकडाउनने पडताळलेली’ (म्हणजे पेशीत ते जनुक दाबून तपासलेली) असं ठळक लिहिलेलं, खाली चित्र: डावीकडे जाड पट्टी, उजवीकडे पुसट. आम्ही निर्धास्त झालो.

पट्टी दिसेपर्यंत

पहिले तीन आठवडे काहीच दिसलं नाही. लॅडर (वजनं माहीत असलेल्या प्रथिनांची मोजपट्टी) मेम्ब्रेनवर झकास उतरलेली, तुलनेसाठी पाहतात ते ॲक्टिन हे प्रथिनही छान, आणि १६ किलोडाल्टनच्या जागी कोरं.

रायबोसोमच्या प्रथिनांवर काम करणाऱ्या प्रत्येकाला हा खडा कधी ना कधी लागतो, म्हणून इथे जरा थांबते. जेलमधून प्रथिनं मेम्ब्रेनवर उतरवताना आपण गृहीत धरतो की एसडीएस या साबणासारख्या रसायनाने सगळ्यांना ऋण भार दिलाय आणि सगळी धन टोकाकडे निघणार. पण ट्रान्सफर बफरमधलं मिथेनॉल प्रथिनावरचं एसडीएस सोडवत असतं. बफरचा पीएच ८.३. बहुतेक प्रथिनं एसडीएस सुटल्यावरही या पीएचला ऋणभारितच राहतात, त्यामुळे दिशा बदलत नाही. रायबोसोमच्या प्रथिनांचं तसं नाही. त्यांना आरएनएला धरून ठेवायचं असतं, म्हणून ती लायसिन-आर्जिनिनने गच्च भरलेली. आरपीएस१९चा आयसोइलेक्ट्रिक पॉइंट, म्हणजे ज्या पीएचला भार शून्य होतो तो, १०च्या पुढे आहे. एसडीएस सुटलं की ते धनभारित होतं आणि उलट्या दिशेने जायला बघतं. आणि एसडीएस टिकलं तर दुसरीच अडचण: प्रथिन इतकं लहान की ०.४५ मायक्रॉनच्या मेम्ब्रेनमधून सरळ पार.

आमच्या पीएचडीच्या विद्यार्थिनीने एके दिवशी जेलच्या दोन्ही बाजूंना मेम्ब्रेन लावली. नेहमीच्या बाजूला एकामागे एक दोन, आणि विरुद्ध बाजूला एक. डेव्हलप केल्यावर पहिली मेम्ब्रेन जवळजवळ कोरी, दुसरीवर स्वच्छ पट्टी, आणि उलट्या बाजूच्या मेम्ब्रेनवर बोटाने पुसल्यासारखा एक डाग. प्रथिन दोन्हीकडून निसटत होतं. मग ०.२ मायक्रॉन छिद्रांची पीव्हीडीएफची मेम्ब्रेन घेतली, मिथेनॉल २० टक्क्यांवरून १०वर आणलं, वेळ ४५ मिनिटं केली. १५ टक्क्यांच्या जेलवर, १५ किलोडाल्टनच्या मार्करच्या किंचित वर, एकच एक रेखीव पट्टी आली. खाली-वर दुसरं काही नाही.

एवढी स्वच्छ पट्टी पाहिली की माणूस विश्वास ठेवतोच. माझाही बसला.

तरी आम्ही पडताळणी स्वतः केली. के५६२ पेशींमध्ये (रक्ताच्या कर्करोगातून आलेल्या, प्रयोगशाळेत वाढवायच्या पेशी) लेंटिव्हायरसने आरपीएस१९चं जनुक दाबणारा शॉर्ट हेअरपिन आरएनए बसवला, डॉक्सिसायक्लिन हे औषध दिलं की चालू होणारा. या पेशींत पी५३, म्हणजे बिघडलेल्या पेशीला मरायला लावणारं प्रथिन, नसतं, त्यामुळे रायबोसोम बिघडला तरी त्या लगेच मरत नाहीत. ७२ तास थांबलो. मेसेंजर आरएनए (जनुकाची प्रत, जिच्यावरून प्रथिन बनतं) पाचव्या हिश्श्यावर आला, आणि पट्टी एक तृतीयांशाच्या खाली. इम्युनोप्रेसिपिटेशन करून, म्हणजे अँटिबॉडीने धरलेलं बाहेर ओढून, त्यातली प्रथिनं ओळखायला मास स्पेक्ट्रोमेट्रीला पाठवलं, तर आरपीएस१९ यादीत वरच्या दहांत. इतर रायबोसोमी प्रथिनंही भरपूर होती, पण ती असणारच म्हणून पुढे गेलो.

मग कुटुंबाचे नमुने लावले. आईची पट्टी शंभर धरली तर वडिलांची नव्वदीच्या घरात आणि मुलाची साठ. तीन वेळा केलं, तीनदा तेच. डॉक्टरांना पाठवायच्या ईमेलचा मसुदाही मी लिहून ठेवला: प्रथिन घटलेलं दिसतं, बदल दोषी असण्याची शक्यता मोठी.

आरपीएस६ का पडला

तो ईमेल गेला नाही, कारण त्याच आठवड्यात विद्यार्थिनी एक ब्लॉट घेऊन आली. चेहरा पडलेला.

“मॅडम, माझं लोडिंग चुकलंय बहुतेक. सगळं परत करावं लागणार.”

लिम्फोसाइटना पीएचए हे उत्तेजक देऊन जागं केलं की त्या भराभर रायबोसोम बनवतात, आणि प्रत्येकाच्या पेशी सारख्याच जाग्या होतील असं नाही. म्हणून ॲक्टिनने भागण्याऐवजी रायबोसोमच्याच दुसऱ्या प्रथिनाने भागावं असं तिच्या मनात आलं. फ्रीजमध्ये आरपीएस६ची चांगली अँटिबॉडी होती. ते प्रथिन जेलवर ३२ किलोडाल्टनच्या आसपास धावतं, त्यामुळे त्याच मेम्ब्रेनवर वरच्या बाजूला बघता येतं. तिने आरपीएस१९ला आरपीएस६ने भागलं आणि फरक नाहीसा झाला. आई एक, वडील एक, मुलगाही एक.

पॉन्सोने (सगळी प्रथिनं दाखवणाऱ्या रंगाने) रंगवलेल्या मेम्ब्रेनचा फोटो काढून पाहिला. सगळ्या लेन सारख्या भरलेल्या, लोडिंगमध्ये काडीची चूक नव्हती. के५६२चे जुने अर्क काढले. नॉकडाउन केलेल्या लेनमध्येही आरपीएस६ पडलेला, जवळजवळ तितकाच. मोठ्या भागातलं आरपीएल११ लावलं, ते मात्र जागचं हललं नव्हतं.

मी तिला म्हणाले, “तुझं काही चुकलेलं नाही, ४०एसच कमी आहे.” आणि ते म्हणतानाच पोटात खड्डा पडला. आरपीएस१९ पाडल्यावर ४०एसमधलं कुठलंही प्रथिन पडणार असेल, तर आमची १६ किलोडाल्टनची पट्टी आरपीएस१९चीच आहे हे आम्ही कशावरून म्हणत होतो?

कारण समजायला अवघड नाही. ४०एसची बांधणी केंद्रिकेत, कच्च्या आरएनएभोवती होते. आरपीएस१९ नसेल तर २१एस नावाचा कच्चा आरएनए पुढे कापला जात नाही, पक्का १८एस बनत नाही, आणि अर्धवट बांधलेला ४०एस मोडीत निघतो. त्यात बसायला तयार झालेली बाकीची ३२ प्रथिनं मग निराधार होतात, आणि जागा न मिळालेलं रायबोसोमी प्रथिन पेशी फार वेळ ठेवत नाही, प्रोटिएसोम ते संपवतो. सुक्याबरोबर ओलंही जळतं. आता १६ किलोडाल्टनच्या आगेमागे ४०एसमध्ये कोण कोण आहे ते पाहा: आरपीएस१४, आरपीएस१६, आरपीएस१७, जरा वर आरपीएस१३. सगळी तशीच लहान, तशीच धनभारित, सगळी ट्रान्सफरमध्ये तशीच निसटणारी. आम्ही महिनाभर खपून बसवलेली पद्धत यांतल्या कुणालाही तितकीच लागू पडली असती.

पाच कसोट्या, एका माळेचे मणी

अँटिबॉडीवर आंधळा विश्वास ठेवू नये हे आता नवीन नाही. २०१६ साली नेचर मेथड्समध्ये तज्ज्ञांच्या एका गटाने पडताळणीच्या पाच वाटा मांडल्या: जनुक बंद करून पाहणं, अँटिबॉडीशिवायच्या दुसऱ्या मोजमापाशी ताडून पाहणं, वेगळ्या जागी चिकटणाऱ्या दुसऱ्या अँटिबॉडीशी ताडणं, शेपूट जोडलेलं प्रथिन पेशीत घालून पाहणं, आणि इम्युनोप्रेसिपिटेशननंतर मास स्पेक्ट्रोमेट्री. यातली पहिली सर्वांत खणखणीत मानतात. २०२३ साली ईलाइफमध्ये आलेल्या एका मोठ्या कामात ६५ प्रथिनांसाठीच्या ६१४ विकाऊ अँटिबॉडी तपासल्या, त्या जनुक पूर्ण काढून टाकलेल्या पेशींवर. जिथे प्रथिनच नाही तिथे पट्टी दिसली तर अँटिबॉडी खोटी. याहून स्वच्छ न्याय नाही.

आरपीएस१९चं जनुक पूर्ण काढता येत नाही. रायबोसोमशिवाय पेशी जगत नाही, म्हणून नॉकडाउनवर भागवावं लागतं, आणि तेही सावकाश. तयार रायबोसोम दिवसचे दिवस टिकतात, विभागणाऱ्या पेशींत ते जुने रायबोसोम मुख्यतः वाटणी होऊन कमी होतात. के५६२ दिवसाला साधारण एकदा दुप्पट होतात, म्हणून ७२ तासांत फार तर आठव्या हिश्श्यापर्यंत पोहोचता येतं. मध्येच थांबलात तर अँटिबॉडी चांगली असूनही पट्टी भरलेलीच दिसेल. आणि पुरेसं थांबलात तर सगळा ४०एस सोबत घसरलेला असेल.

बाकीच्या वाटांचीही तीच गत. इम्युनोप्रेसिपिटेशन साध्या बफरमध्ये केलं तर हाताला अख्खा रायबोसोम लागतो. अँटिबॉडीने आरपीएस१६ धरलं काय आणि आरपीएस१९ धरलं काय, यादीत सगळेच येणार. आमच्या यादीत आरपीएस१९ वरच्या दहांत आलं याने सिद्ध एवढंच झालं होतं की आम्ही रायबोसोम पकडला. दुसऱ्या मोजमापाशी ताडायचं तर रायबोसोमी प्रथिनं पेशीत एकमेकांच्या प्रमाणातच वर-खाली होतात. वीस प्रकारच्या पेशी घेतल्या तरी आरपीएस१४चा आलेख आरपीएस१९च्या आलेखावर बसेल. दुसऱ्या अँटिबॉडीचंही तसंच. ती एक जण धरेल, ही दुसरा, आणि दोघी एकमुखाने साक्ष देतील.

पाचपैकी चार कसोट्या रायबोसोमी प्रथिनांच्या या एका कुटुंबापुढे लंगड्या पडतात, कारण त्या सगळ्या गृहीत धरतात की प्रथिन एकटं राहतं. माहितीपत्रकावरचं ते नॉकडाउनचं चित्र खोटं नव्हतं. पट्टी खरोखरच पुसट झाली असणार. फक्त त्या चित्रातून जे सिद्ध होतं असं आपण मानतो, ते होत नाही. हे मला आधी सुचायला हवं होतं. रायबोसोमवर पंधरा वर्षं काम करणाऱ्या माणसाला सुचायलाच हवं होतं.

शेपूट लावलेला आरपीएस१९

उरली एकच वाट: प्रथिनाची उंचीच बदलायची. आरपीएस१९च्या टोकाला तीन फ्लॅगचं (फ्लॅग म्हणजे ओळखीसाठीचा छोटा प्रथिन-तुकडा) शेपूट जोडलं तर त्याचं वजन जवळजवळ पावणेतीन किलोडाल्टनने वाढतं आणि १५ टक्क्यांच्या जेलवर ते मूळ जागेपासून स्पष्ट वेगळं दिसतं. त्याच्या जनुकात आम्ही थोडी अक्षरं बदलली, अशी की अमिनो आम्लं तीच राहतील पण शॉर्ट हेअरपिन आरएनएला चिकटायला जागा मिळणार नाही. आता डॉक्सिसायक्लिन दिलं की पेशीचा स्वतःचा आरपीएस१९ जातो आणि शेपूटवाला त्याची जागा घेतो. ४०एस परत उभा राहतो.

या प्रयोगात खरी आणि खोटी अँटिबॉडी अगदी उलट वागणार. खरी असेल तर १६ची पट्टी जाईल आणि वर १९च्या आसपास नवी येईल. दुसऱ्याच प्रथिनाला चिकटत असेल तर वर काही येणार नाही, पण १६ची पट्टी परत भरेल, कारण ४०एस सावरला की तो शेजारीही सावरणार.

तो ब्लॉट मला अजून डोळ्यांसमोर आहे. चार लेन. पहिली साधी पेशी, जाड पट्टी. दुसरी नॉकडाउन, पुसट. तिसरी नॉकडाउन आणि शेपूटवाला आरपीएस१९, आणि १६ वर पट्टी पुन्हा जाड, पहिल्या लेनइतकीच. वर, १९ च्या जागी, मेम्ब्रेन उजेडात तिरकी धरली तरच जाणवेल अशी एक सावली. चौथीत शुद्ध केलेला आरपीएस१९, ५० नॅनोग्रॅम, फिकट पट्टी. म्हणजे कुपीतल्या अँटिबॉडींपैकी थोड्या आरपीएस१९ला ओळखत होत्या. पण पेशीच्या अर्कात आम्ही मोजत होतो तो दुसराच होता.

गटाच्या बैठकीत हरकती आल्या आणि त्या योग्य होत्या. अँटिबॉडी ज्या तुकड्यावर बनवली तो टोकाजवळचाच होता. शेपटाने ती जागा झाकली असेल तर? मान्य, पण त्याने वरची पट्टी का नाही एवढंच कळतं. १६ची पट्टी परत का आली हे कळत नाही, कारण पेशीचा स्वतःचा मेसेंजर आरएनए त्या लेनमध्येही पाचव्या हिश्श्यावरच होता. मग दुसरी हरकत: शेपूट पेशीत कापलं जात असेल आणि कापलेला आरपीएस१९च १६वर दिसत असेल तर? ही हरकत मोडायला दुसरी अँटिबॉडी लागणार होती.

दोन मागवल्या. दोन्ही सशाच्या रिकॉम्बिनंट मोनोक्लोनल (मिश्रण नव्हे, एकाच प्रकारची अँटिबॉडी), प्रथिनाच्या मधल्या भागाला चिकटणाऱ्या. सशाचा आरपीएस१९ माणसाच्या आरपीएस१९सारखाच आहे, त्यामुळे सशाच्या शरीराला तो परका वाटत नाही आणि चांगली अँटिबॉडी मुळात मुश्किलीने मिळते. मिळाली तर तिचा अनुक्रम जपून ठेवून तीच पुन्हा पुन्हा बनवता यावी यासाठी रिकॉम्बिनंट. पॉलिक्लोनलमध्ये ससा बदलला की कुपी बदलते, वर लेबल तेच राहतं. दोनपैकी एक आमच्या अर्कात मुकीच राहिली. दुसरीने तिसऱ्या लेनमध्ये १६वर अगदी पुसट, नॉकडाउनइतकीच पट्टी दाखवली आणि १९वर ठसठशीत. शेपूट कापलं जात नव्हतं. हीच खरी.

जुनी कुपी नेमकं कोणाला धरत होती याच्या मागे आम्ही लागलो नाही. उकळत्या एसडीएसमध्ये रायबोसोम पूर्ण सोडवून, मग पातळ करून इम्युनोप्रेसिपिटेशन केलं असतं तर नाव कळलं असतं. पण पैसा आणि मुलाचा थोडाच उरलेला नमुना, दोन्ही दुसरीकडे लावायचे होते. जुन्या अँटिबॉडीच्या खोक्यावर लाल पेनने ‘४०एस, आरपीएस१९ नव्हे’ असं लिहून ठेवलं. पुरवठादाराला चारही लेनचा ब्लॉट पाठवला.

मुलाच्या प्रश्नाकडे परत

खरी अँटिबॉडी हातात आल्यावर पहिला मोह हाच की कुटुंबाचे नमुने पुन्हा लावावेत आणि या वेळचा आकडा खरा मानावा. लावले. मुलाची पट्टी पुन्हा साठच्या आसपास.

पण तोवर आमच्या लक्षात आलं होतं की अँटिबॉडी कितीही खरी असली तरी हा आकडा डॉक्टरांच्या प्रश्नाचं उत्तर नव्हता. समजा मुलाचा खरा दोष आरपीएस१७मध्ये असता, तपासणीत निसटलेला, आणि आरपीएस१९मधला बदल निव्वळ योगायोग असता. तरी त्याचा ४०एस कमीच असता आणि सोबत आरपीएस१९ही कमीच दिसला असता. पट्टी एवढंच सांगत होती की मुलाला ४०एसचा आजार आहे, आणि ते आम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. माझ्या मसुद्यातलं वाक्य चुकीच्या अँटिबॉडीवर उभं होतं हे खरंच, पण बरोबर अँटिबॉडीवरही ते उभं राहिलं नसतं. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली मोठी चूक ही होती. अँटिबॉडीची चूक दुय्यम.

उत्तर देऊ शकणारा प्रयोग मात्र फ्रीझरमध्ये तयार होता. अँटिबॉडी तपासायला बनवलेल्या शेपूटवाल्या जनुकातच मुलाचा बदल घातला. आता एकाच प्रकारच्या पेशी, एकच नॉकडाउन. एकीत निरोगी शेपूटवाला आरपीएस१९, दुसरीत मुलाचा. बाकी सगळं सारखं, त्यामुळे इतर कुठल्या जनुकाला मध्ये यायला जागाच नाही. नव्या अँटिबॉडीचं खरं काम इथे सुरू झालं. एकाच लेनमध्ये खाली पेशीचा स्वतःचा आरपीएस१९ किती उरलाय आणि वर शेपूटवाला किती आलाय, ही दोन्ही उत्तरं ती एका पट्ट्यात देते. फ्लॅगची अँटिबॉडी फक्त वरचं दाखवते.

निरोगी आरपीएस१९ने सगळं सावरलं. वरची पट्टी भरली, आरपीएस६ वर आला, आणि नॉर्दर्न ब्लॉटवर (त्यात प्रथिनाऐवजी आरएनए दिसतो) २१एसचा ढीग उतरला. मुलाच्या बदलाने यातलं काहीही झालं नाही. मेसेंजर आरएनए तितकाच बनत होता, पण प्रथिन पाव हिश्श्याएवढंच टिकत होतं. सुक्रोजच्या ग्रेडियंटमध्ये, म्हणजे रायबोसोमचे भाग वेगळे करणाऱ्या साखरेच्या द्रावणात, ४०एसच्या भागात ते जवळजवळ नव्हतंच, जे होतं ते वर, मोकळ्या प्रथिनांच्या भागात तरंगत होतं. २१एस तसाच साचलेला. पाच महिन्यांत, वेगळ्या दिवशी वाढवलेल्या पेशींवर, हे चार वेळा करून पाहिलं.

मुलाच्या उरलेल्या लिम्फोसाइटचा आरएनए शेवटी काढला. त्यातही २१एस साचलेला होता. आरपीएस२४मध्ये दोष असता तर त्याच्याही आधीचा, ३०एस नावाचा तुकडा साचला असता, तो नव्हता. एवढ्याने आरपीएस१९च दोषी असं सिद्ध होत नाही, आरपीएस१७मध्येही २१एसच साचतो. पण पेशींमधल्या प्रयोगाशी ते सुसंगत होतं. वडिलांच्या नमुन्यात २१एस किंचित जास्त होता, रोग होण्याइतका नाही, पण आईच्यापेक्षा जास्त. त्यांच्या जुन्या रक्ततपासण्या डॉक्टरांनी शोधून काढल्या, तेव्हा तांबड्या पेशींचा सरासरी आकार दर वेळी मर्यादेच्या वरच्या टोकाला सापडला. आतापर्यंत कुणी त्याकडे पाहिलं नव्हतं, पाहण्याचं कारणही नव्हतं.

डॉक्टरांना आम्ही दोन पानांचं टिपण पाठवलं. हा संशोधन प्रयोगशाळेतला निष्कर्ष आहे, निदान नव्हे, हे पहिल्याच ओळीत. मग चार लेनचे दोन ब्लॉट, नॉर्दर्न, ग्रेडियंट, आणि प्रत्येक चित्राखाली कोणती अँटिबॉडी, कोणता लॉट क्रमांक, ती कशी तपासली. जुन्या अँटिबॉडीवरचे तीन ब्लॉटही जोडले, ते का बाद केले त्या कारणासह. जनुकतज्ज्ञांनी हा पुरावा कुटुंबाच्या इतर माहितीसोबत तोलला आणि बदलाचा वर्ग ‘अनिश्चित’वरून ‘बहुधा रोगकारक’ असा केला.

बहिणीचं नाव दात्यांच्या यादीतून काढलं गेलं. मुलासाठी नोंदणीतल्या परक्या दात्याचा शोध सुरू झाला, आणि तिची स्वतःची रक्ततपासणी दर सहा महिन्यांनी.